शब्दकोड्याशेजारचं गणित

द्राक्षाच्या घडांना थंडीत वर्तमानपत्र गुंडाळतात, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की त्याला गंमत वाटते. निफाडकडे कुणाला वाटत नाही. मण्यात पाणी उतरायला लागलं की पहाटेच्या गारठ्यानं आणि दुपारच्या उन्हानं हिरवा मणी गुलाबी पडतो, आणि गुलाबी मणी परदेशी जाणाऱ्या मालात चालत नाही. म्हणून एकेका घडाला कागद गुंडाळायचा आणि वर स्टेपलरची पिन मारायची. चार एकर बागेला एका घरची रद्दी कुठून पुरणार? त्यामुळे आमच्याकडे रीतच पडून गेली आहे की बागाईतदाराच्या लेकीनं सासरची रद्दी विकायची नाही. वर्षभर साठवायची आणि डिसेंबरात माहेरी पाठवायची. माझ्या नाशिकरोडच्या फ्लॅटची अर्धी बाल्कनी या रद्दीनं अडलेली असते. नवरा दर दिवाळीला त्यावरून कुरकुरतो आणि मी ऐकू न आल्यासारखं करते.

या रीतीपायी एकदा मी तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आले. प्रत्यक्षात गेले नाही, पण तेव्हा माझी तशी खात्री होती, आणि घाबरणाऱ्याला तेवढं पुरतं.

मी भौतिकशास्त्राची माणूस. पंचविसेक वर्षं सरकारच्या एका संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिचं नाव सांगणार नाही, आणि कामही सांगण्यासारखं आहे तेवढंच सांगते. दूर कुठेतरी तोफ उडते. तिचा आवाज वेगवेगळ्या जागी मांडून ठेवलेल्या माइकांवर थोड्या थोड्या फरकानं पोचतो. त्या फरकावरून तोफ कुठे उभी आहे ते काढायचं. हे तत्त्व जुनं आहे, कुठल्याही ग्रंथालयात सापडेल. ग्रंथालयात सापडत नाही ते आमच्या कपाटात असतं. कपाटाला दोन कुलपं, वहीच्या पानांवर छापील आकडे, चुकलेलं पानसुद्धा फाडायचं नाही. मोबाईल दारावर जमा करायचा. बाहेरचा कागद आत न्यायचा नाही, आतला बाहेर आणायचा नाही. पहिल्या वर्षी हे सगळं मला नाटकी वाटायचं. पुढे ते अंगात इतकं मुरलं की वाण्याची यादीसुद्धा मी फाडून, बारीक तुकडे करून टाकायला लागले.

घरात माझ्या कामाबद्दल बोलणं नसे. नवऱ्यानं लग्नानंतर वर्षभरात विचारणं सोडलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी विचारलंच नाही. मला नोकरी लागली तेव्हा चौकशीला पोलीस गावात येऊन गेले होते. पोरीनं असं केलंय तरी काय, म्हणून लोकांनी अण्णांना भंडावून सोडलं. अण्णांनी ठोकून दिलं की पोरगी हवामानाच्या ऑफिसात लागली आहे. तेव्हापासून गावात पाऊल ठेवलं की कुणीतरी आभाळाकडे हात करून विचारतंच, ताई, गारपीट व्हायची का? मी म्हणते, सांगता येत नाही. त्यानं लोकांचा विश्वास आणखीच पक्का होतो.

अण्णांची एक गोष्ट इथे सांगायला हवी. माझ्या लहानपणी देवळाली कॅम्पच्या तोफांच्या सरावाचा आवाज हिवाळ्यात सकाळी सकाळी आमच्या मळ्यापर्यंत यायचा. लांबून कुणी रिकामं पिंप ढकलावं तसा. उन्हाळ्यात तो यायचा नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. अण्णा बागेला पाणी देत होते, मी बांधावर उभी राहून त्यांना विचारलं की आवाज थंडीतच का येतो. चौथी शिकलेला माणूस. त्यांनी फावडं टेकवलं, थोडा विचार केला आणि सांगितलं, "थंडीत आवाज भुईला धरून चालतो, पोरी. उन्हाळ्यात वर उडून जातो."

हे उत्तर बरोबर होतं. एमएस्सीला मी ते शिकले तेव्हा वर्गात एकटीच हसले होते. जमिनीलगत थंड हवेचा थर असला की आवाज वरून वाकून पुन्हा खाली येतो. घरी जाऊन अण्णांना सांगायचं असं तेव्हा ठरवलं, आणि परीक्षेच्या धांदलीत राहून गेलं. मग ही नोकरी लागली, आणि तोफ आणि थंडी हे दोन शब्द घरात एका वाक्यात उच्चारायचीच मला भीती वाटायला लागली.

तर तो नोव्हेंबरातला रविवार. चहा घेऊन मी बाल्कनीत बसले होते, हातात पुरवणीचं शेवटचं पान, त्यावर शब्दकोडं. ऑफिसात दोन महिने एक गणित अडलं होतं. थंडीच्या सकाळी आमचं उत्तर चुकायचं, आणि दर वेळी एकाच बाजूला चुकायचं. उभ्या शब्दांतलं चौथं अडलं म्हणून मी पेन चावत बसले आणि एकदम ते ऑफिसातलं गणित सुटलं. असं होतं, त्यात माझी हुशारी काही नाही. सुटल्याबरोबर मी कोड्याशेजारच्या कोऱ्या पट्टीत लिहायला लागले. जमिनीची रेघ, तिच्यावर माइकांचे तीन ठिपके, वरून वाकून येणारा आवाज, हवेच्या थरांवर 'थंड', 'गरम' असे शब्द आणि तापमान, खाली समीकरण. आणि त्या तीन ठिपक्यांमधली अंतरं. ती खरी अंतरं होती, कारण महिनोन्महिने तीच डोक्यात घोळत होती, खोटी कशाला शोधू? नऊ-दहा ओळी झाल्या. कपाचा गोल डाग पानावर पडला. सोमवारी सकाळी ऑफिसात आकडे घातलेल्या वहीत मी ते सगळं आठवून नीट उतरवलं. साहेब खूश झाले. रविवारचं पान रद्दीत गेलं.

मी कागद बाहेर आणला नव्हता. डोकं तेवढं बाहेर आणलं होतं, आणि डोक्याची दारावर झडती होत नाही. घरच्या पेपरावर घरच्या पेनानं लिहिलेलं गुपित असू शकतं हे माझ्यासारख्या शिकल्यासवरलेल्या बाईच्या ध्यानातही आलं नाही. कुणा कारकुनाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यासाठी गणित सुटल्याचा आनंद व्हावा लागतो.

जानेवारीत आमच्याकडे सुरक्षेचं व्याख्यान असतं. दर वर्षी तेच, निम्मे लोक डुलक्या काढतात. आमचे सुरक्षा अधिकारी फौजेतून आलेले, आवाज अतिशय मऊ. त्या मऊ आवाजात त्यांनी कुठल्याशा एका माणसाची हकिगत सांगितली, ज्यानं हॉटेलात जेवताना हात पुसायच्या कागदावर मित्राला आकृती काढून दाखवली होती. सगळे हसले. अधिकारी म्हणाले, "कागद सरकारी नसला, तरी त्यावर लिहिलेलं सरकारीच असतं."

मी हसता हसता थांबले. कपाचा गोल डाग डोळ्यांपुढे आला. मी बाकाची कड घट्ट धरली. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, ॲसिडिटी. तेवढ्यात रांगेतून फॉर्म फिरत आला. मी कामाची कुठलीही लेखी माहिती कार्यालयाबाहेर ठेवलेली नाही, असा मजकूर, खाली नावापुढे सही. शेजारच्या बाईंनी सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. उठून सांगायची हीच वेळ होती, हे मला कळत होतं. नियम असा की कागद हरवला तर ताबडतोब कळवायचं, आणि ताबडतोब कळवणाऱ्याला समजून घेतलं जातं. मी सही केली. त्या क्षणापर्यंत माझ्या हातून चूक झाली होती, सहीनंतर तो गुन्हा झाला. मला नोकरी दिसेना, पेन्शन दिसेना, अंगणात पोलिसांच्या गाडीपुढे उभे असलेले अण्णा तेवढे दिसायला लागले.

घरी येऊन बाल्कनीत पाहिलं तर फरशी स्वच्छ. महिन्यापूर्वीच भावाची पिकअप येऊन रद्दी घेऊन गेली होती. भावाला फोन करून अमक्या रविवारची पुरवणी बाजूला ठेव म्हणावं, तर फोनवर तसं बोलायची हिंमत होईना. कोण ऐकतंय कुणाला ठाऊक. आजवर माझं बोलणं कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही, ऐकून करणार काय, डाळीचा भाव? पण चोराच्या मनात चांदणं.

शनिवारी सकाळी मी स्कूटी काढली. नवऱ्याला सांगितलं, अण्णांची आठवण येतेय. एक पांढरी गाडी बराच वेळ माझ्या मागे होती. मी हळू केलं तर तीही हळू. चांदोरीला ती गाडी एका मांडवापुढे थांबली आणि आतून चार बायका रुखवताची ताटं सांभाळत उतरल्या. मी पुढे जाऊन एका रसवंतीपाशी थांबले आणि ग्लासभर रस घेतला.

बागेत पोचले तर चारही एकरांत घडाघडाला कागद. ओळीच्या ओळी, खाली वाकलं की डोक्यावर सगळीकडे बातम्याच बातम्या. पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांची टोळी एका बाजूनं कागद उतरवत चालली होती, कारण मंगळवारपासून माल काढायचा होता. उतरवलेला कागद बांधावर जाळत होते. ते बघून मला बरं वाटलं, पण दोन पावलांवर निर्यातदाराचा माणूस उभा होता आणि कागदासकट घडांचे मोबाईलवर फोटो काढत होता. कशाला, म्हणून मी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला की बाहेरच्या व्यापाऱ्याला पाठवायचे असतात, माल कसा जपलाय ते कळावं म्हणून. बाहेरच्या म्हणजे कुठल्या? भावानं एका परक्या देशाचं नाव घेतलं.

भावाला मी थाप मारली. म्हटलं, पेपरच्या शब्दकोड्याला बक्षीस आहे, मी सोडवलेलं पान चुकून रद्दीत आलंय. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, एवढ्या मोठ्या पगाराची नोकरी आणि तू कोड्याच्या बक्षिसासाठी पस्तीस किलोमीटर आलीस? बायका हसल्या. हसू देत. मी पहिल्या ओळीत शिरले.

दोन-अडीच तास मी घड वाचत होते. राशिभविष्य, श्रद्धांजल्या, उमेदवारांचे उलटे चेहरे, लोणच्याची कृती. मान दुखायला लागली. माझ्या अक्षरात सोडवलेली कोडी सापडायची, पण दर वेळी रविवार वेगळा निघायचा. बायका आता आपण होऊन हाका मारत होत्या, ताई, इकडं एक कोडं हाय. त्यांना खेळ मिळाला होता आणि मला तो थांबवता येत नव्हता.

तिसऱ्या तुकड्यात, विहिरीकडच्या ओळीत ते सापडलं. कपाचा गोल डाग होता. उभ्या शब्दांतलं चौथं रिकामं होतं. आणि कोड्याशेजारची पट्टी नव्हती.

ती फाटलेली नव्हती, कातरलेली होती. वरपासून खालपर्यंत सरळ, माझं गणित जिथे संपत होतं बरोबर तिथपर्यंत. म्हणजे कुणीतरी ते पाहिलं होतं, ते काय आहे हे त्याला कळलं होतं, आणि तेवढंच काढून घेतलं होतं. मी आजवर बऱ्याचदा घाबरले आहे, पण तसं नाही. तोवर मी माझ्याच निष्काळजीपणाला घाबरत होते. आता दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा होता. फोटोवाला कुठे दिसतो का म्हणून मी मागे वळून पाहिलं, तर तो मोटरसायकलला किक मारत होता. त्याला थांबवावं तर काय म्हणून? मी तशीच मातीत बसले. टोळीतली एक वयस्क बाई जवळ आली, पाणी दिलं. मी तिला विचारलं, हे कागद कातरतं कोण? ती म्हणाली, "म्हातारबाबा कातरतो ना. घरी बसून."

घडाच्या मापाचे कागद कातरायचं काम अण्णा करतात. पाय थकल्यापासून बागेतलं त्यांना तेवढंच जमतं. हे मला दहा वर्षं माहीत होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

अण्णा ओट्यावर कात्री घेऊन बसले होते. अंगणातल्या चुलीवर त्यांच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. मला बघून त्यांनी बस म्हटलं, चहा घे म्हटलं. त्यांनी कात्री खाली ठेवली, बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात त्यांचं आधार कार्ड आणि एसटीचा पास असतो. पासाच्या मागून घडी घातलेली पट्टी निघाली.

"ह्यासाठी आलीस ना?"

मी विचारलं, कुणी पाहिलं?

"कुनी नाय. पंचवीस वर्षांत तू कवा दाखवलं नाय, म्हंजे दाखवायचं नसंल."

मग जाळून का टाकलं नाही, असं मी जवळजवळ ओरडून विचारलं. अण्णांनी पट्टी मांडीवर उलगडली आणि तळहातानं सपाट केली. किती वेळा उलगडली असेल, घड्या पार मऊ झाल्या होत्या. मग जाड नखाचं बोट त्यांनी जमिनीच्या रेघेवर ठेवलं आणि वाकलेल्या रेघेवरून हळूहळू फिरवलं.

"ही भुई. आन् हा तोफंचा आवाज, थंडीतला. मी तुला सांगितलं व्हतं तसाच चाललाय का गं?"

आमची सगळी कुलपं, छापील आकडे, दारावरची झडती, आणि चौथी शिकलेल्या माणसानं ओट्यावर बसून ते वाचलं होतं. आणि तरी त्यांनी विचारलेलं गुपित नव्हतंच. ते कॉलेजच्या पुस्तकात आहे. हो म्हणायला माझ्या बापाचा काय गुन्हा होता? पण कानात तो मऊ आवाज होता, फॉर्म ऑफिसात असला तरी डोळ्यांपुढे त्यावरची माझी सही होती, आणि हो म्हटलं की ही आकृती तोफांची आहे हे मीच कबूल करत होते.

मी म्हटलं, "सांगता येत नाही, अण्णा."

गावातल्या लोकांना सांगते त्याच सुरात म्हटलं. त्यांनी मान हलवली. गारपिटीबद्दल विचारून लोक मान हलवतात तशी. मग ओट्याला धरून उठले, चुलीपाशी गेले आणि पट्टी आत टाकली. नीट जळते का ते वाकून पाहिलं. चुलीतला कागद काळा होऊन वर आला तो त्यांनी काटकीनं खाली दाबला. मग मला म्हणाले की पाणी तापलंय, बालदी तेवढी उचलून दे.

मी ऑफिसात काही कळवलं नाही. नियमानं सापडलेला कागद जमा करायला हवा होता, जाळणं हा आणखी वेगळा गुन्हा, आणि जबाबात कुणी पाहिलं या प्रश्नापुढे मला अण्णांचं नाव लिहावं लागलं असतं. तेवढं माझ्याच्यानं झालं नसतं. त्यानंतर दर जानेवारीत फॉर्म माझ्यापर्यंत येतो तेव्हा मी वर न बघता सही करते. अधिकारी बदलले, भीती बदलली नाही. घरी कागदावर काही लिहिणं सोडलं, कोडीसुद्धा सोडली. नवऱ्याला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा अण्णांना म्हटलेल्या त्या एका वाक्याची लाज जास्त टोचते.

पुढच्या डिसेंबरात रद्दी गेली तेव्हा भावाचा तक्रारीचा फोन आला. अण्णा माझ्या रद्दीतलं पान न् पान भिंग घेऊन तपासतात, कोपरे बघतात, मगच कात्री लावतात, आणि बायका खोळंबून राहतात. चार दिवसांनी अण्णा स्वतः बोलले. "या खेपेला काय नाय," एवढंच म्हणाले. त्यांना हायसं वाटलं होतं की वाईट, ते त्यांच्या आवाजावरून मला ओळखता आलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, रद्दी बांधायच्या आदल्या दिवशी, मी दार लावून बसले. रविवारच्या एका पुरवणीचं कोड्याचं पान काढलं आणि शेजारच्या पट्टीत पेन्सिलीनं लिहिलं. आकृती नाही, आकडा नाही, तोफ हा शब्द नाही. 'तुम्ही बांधावर सांगितलं होतं ते बरोबर होतं. मी पुढे शिकले ते तेच.' पान गठ्ठ्याच्या मधोमध घातलं आणि भाऊ गठ्ठा घेऊन जाईपर्यंत दोनदा ते काढून घ्यायला उठले.

आठवड्यानं अण्णांचा फोन आला. शेजारी कुणीतरी बसलं असावं, कारण सुरुवातीला त्यांनी मोठ्यानं गारपिटीचं विचारलं, आणि मी मोठ्यानं सांगितलं की सांगता येत नाही. मग बसलेला माणूस गेल्याचा आवाज आला.

"एक निघाला," अण्णा हळू म्हणाले.

"वाचलात?"

"दोनदा."



"मग?" मी विचारलं.

"मग काय. जाळला."